धरणाचा तळ आणि पाण्यातले धातू

नदीच्या घाटावर धुणे घेऊन जाणाऱ्या बायांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पाण्याबाहेरची पायरी खरखरीत असते, तिच्यावर पाय कसाही टाकला तरी चालतो. पण पाण्याखालच्या पायरीवर पाऊल जपूनच ठेवावे लागते. तिच्यावर बुळबुळीत थर असतो आणि जरा दुर्लक्ष झाले की माणूस सपशेल पाण्यात! आपण म्हणतो, पायरीला शेवाळ धरले. चार दिवसांनी कोणीतरी खराटा घेऊन ती घासून काढतो आणि आठवडाभरात थर पुन्हा हजर होतो.

आज मला तुमच्याशी या बुळबुळीत थराविषयी आणि त्याचा सोबती जो कुजका पालापाचोळा, त्याच्याविषयी बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, यात एवढे सांगण्यासारखे काय आहे? पण मंडळी, धरणाच्या पाण्यात शिसे, पारा, कॅडमियम यांच्यासारखे विषारी धातू उतरले, तर ते तळाशीच पडून राहणार की आपल्या घागरीत आणि ताटातल्या मासळीत येणार, हे पुष्कळ अंशी ही जोडगोळीच ठरवते.

प्रथम हा थर काय आहे ते पाहू. सूक्ष्मदर्शक यंत्राखाली तो ठेवला तर त्यात एक गजबजलेली वस्तीच दिसते. त्यात जिवाणू असतात, हिरवी शेवाळी असते, बुरशीचे धागे असतात आणि त्यांना खाऊन जगणारे बारीक जीवही असतात. हे जिवाणू आपल्या अंगातून एक प्रकारचा डिंक सोडतात. त्या डिंकाच्या आधाराने सारी वस्ती दगडाला चिकटून राहते. पाण्याचा प्रवाह आला तरी वाहून जात नाही. शास्त्रज्ञ याला बायोफिल्म म्हणतात. आपण त्याला 'जैवपटल' म्हणू. दगडावर, बुडालेल्या झाडाच्या खोडावर, गाळाच्या कणाकणावर, नळाच्या आतल्या बाजूला, जिथे म्हणून ओल आणि थोडे अन्न आहे तिथे हे पटल असतेच.

आता या डिंकाचा एक गुण लक्षात ठेवा. पाण्यात विरघळलेल्या धातूंच्या कणांवर धन विद्युत्भार असतो, तर या डिंकावर पुष्कळ ठिकाणी ऋण भार असतो. त्यामुळे वाहत्या पाण्यातले तांबे, जस्त, शिसे हे धातू त्याला येऊन चिकटतात. गुळाच्या ढेपेला मुंग्या चिकटाव्यात तसे म्हणा ना! पाणी वरून नितळ दिसते, पण त्यातला धातू हळूहळू या पटलात साठत जातो.

दुसरा गडी कुजका पालापाचोळा. शेतकऱ्याला ह्यूमस म्हणजे काय हे सांगायला नको. शेणखत चांगले कुजले की जो काळसर, मऊ, भुसभुशीत भाग उरतो तोच हा. धरणाच्या तळाशीही असेच कुजणे चालू असते. बुडालेली झाडे, पुराने आणलेला पाला, मेलेले शेवाळ आणि वरच्या गावांचे सांडपाणी, हे सगळे तिथे कुजते. त्याचा एक भाग गाळात मिसळतो आणि तोही धातूंना धरून ठेवतो. पण दुसरा भाग पाण्यात विरघळतो. पाण्याला चहासारखा तांबूस रंग येतो तो यानेच. हा विरघळलेला भागही धातूला धरतो खरा, पण आपण पाण्याबरोबर पुढे चाललेला असतो, म्हणून धातूलाही बरोबर घेऊन जातो. म्हणजे गाळातला ह्यूमस धातूला घरात ठेवतो आणि पाण्यातला ह्यूमस त्याला गाडीत बसवून पुढच्या गावाला नेतो. एकाच घरातले दोन भाऊ, पण स्वभाव निरनिराळे!

इथे एक मूळ गोष्ट सांगितली पाहिजे. पालापाचोळा कुजतो, साबण विरतो, कित्येक औषधेही काळाने निष्प्रभ होतात. धातू मात्र कुजत नाही. शिसे हे शंभर वर्षांनीही शिसेच राहते. ते फक्त जागा बदलते किंवा रूप बदलते. म्हणून धरणात आलेला धातू 'नाहीसा झाला' असे कोणी सांगितले, तर आपण विचारावे, गेला कुठे?

बहुतेक वेळा तो गेलेला असतो तळाच्या गाळात. आणि तिथे त्याला दोन कुलुपे लागलेली असतात. या कुलपांची माहिती हा आजच्या भाषणाचा गाभा आहे, तेव्हा थोडे लक्ष देऊन ऐका.

पहिले कुलूप लोखंडाच्या गंजाचे. आपल्या तांबड्या मातीचा रंग या गंजामुळेच येतो. तळाच्या पाण्यात प्राणवायू असेल तर गाळाच्या कणांवर हा गंज टिकून राहतो आणि तो आर्सेनिकला घट्ट धरतो. आर्सेनिक म्हणजे आपल्या जुन्या वैद्यांच्या सोमलातले विष. काटेकोर बोलायचे तर तो पुरता धातू नव्हे, पण विषारीपणामुळे त्याला त्याच पंगतीत बसवतात. आता तळाशी कुजणारा माल फार झाला म्हणजे काय होते? कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतात. मग काही जिवाणू श्वासासाठी प्राणवायूऐवजी हा गंजच वापरू लागतात. गंज विरघळतो, आणि त्याला धरून बसलेले आर्सेनिक मोकळे होऊन पाण्यात येते.

दुसरे कुलूप गंधकाचे. प्राणवायू पुरता संपला की दुसरे जिवाणू पुढे येतात आणि गंधकाचा वायू तयार करतात. साचलेल्या डबक्याचा काळा चिखल काठीने ढवळला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो याचाच. हे गंधक तांबे, जस्त, शिसे, कॅडमियम यांना पकडून न विरघळणाऱ्या काळ्या संयुगात बांधून टाकते. इथवर ठीक. पण धरणाचे पाणी खाली गेले, काळा गाळ उघडा पडला, त्याला हवा लागली, की हे कुलूप उघडते आणि बांधलेले धातू पुन्हा सुटे होतात. पुढच्या पावसात ते पाण्याबरोबर निघतात.

गंमत पाहा. पहिले कुलूप हवा संपली की उघडते, दुसरे हवा लागली की उघडते. म्हणून तळाशी धातू साठलेल्या धरणाची पातळी वरचेवर खाली-वर करणे, त्यात सांडपाणी सोडणे किंवा त्याचा गाळ ढवळणे या साध्या गोष्टी नव्हेत.

हे सगळे पुस्तकी वाटत असेल, तर एक घडलेली हकीगत सांगतो. ती अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यातली आहे. तिथे ब्यूट नावाच्या गावी तांब्याच्या मोठ्या खाणी होत्या आणि जवळच अ‍ॅनाकोंडा येथे तांबे गाळण्याचा कारखाना होता. खाणीची टाकाऊ माती नदीकाठी पडत असे. ब्यूटपासून जवळजवळ दोनशे किलोमीटर खाली, मिलटाउन येथे, क्लार्क फोर्क आणि ब्लॅकफूट या नद्यांच्या संगमावर वीज काढण्यासाठी एक धरण बांधले. ते पुरे झाले १९०८ साली. आणि त्याच वर्षी जून महिन्यात त्या नदीला मोठा पूर आला. पुराने खाणींची माती वाहून आणली आणि ती नव्या धरणाच्या पोटात येऊन बसली. पुढे वर्षानुवर्षे गाळ साचत राहिला. त्या गाळात आर्सेनिक, तांबे, शिसे, जस्त आणि कॅडमियम होते. वरून मात्र ते एक शांत, सुंदर तळे दिसत होते.

१९८१ साली, म्हणजे त्या पुरानंतर ७३ वर्षांनी, मिलटाउन गावातल्या विहिरींच्या पाण्यात आर्सेनिक सापडले. लोक ते पाणी पीत होते. पाण्याला रंग नव्हता, वास नव्हता, चव नव्हती. तपासात काय निघाले? मघाशी सांगितलेले पहिले कुलूप उघडले होते. गाळात पालापाचोळा कुजत होता, आतला प्राणवायू संपला होता, गंज विरघळला होता आणि सुटलेले आर्सेनिक धरणाच्या पाण्याच्या दाबाने खालच्या वाळू-खडीतून विहिरींकडे चालले होते. गावाला पिण्याच्या पाण्याची दुसरी सोय करावी लागली. १९८३ साली सरकारने या जागेची नोंद देशातल्या अतिदूषित जागांच्या यादीत केली.

एवढ्यावर भागले नाही. १९९६ च्या फेब्रुवारीत नदीतून बर्फाचा लोंढा धरणाकडे आला. धरण वाचवण्यासाठी पाण्याची पातळी घाईने खाली आणावी लागली. तेव्हा तळाचा गाळ खरवडला गेला आणि त्यातले तांबे व आर्सेनिक खालच्या नदीत गेले. मग लोकांनी आग्रह धरला की हे धरणच काढून टाका. बऱ्याच वर्षांच्या वादानंतर २८ मार्च २००८ रोजी धरण फोडून नदी मोकळी केली. त्यापूर्वी आणि त्यानंतर मिळून सुमारे १७ लाख घनमीटर दूषित गाळ उपसून, आगगाडीच्या डब्यांत भरून, अ‍ॅनाकोंडाजवळ नेऊन टाकला. म्हणजे जिथून ती माती निघाली होती, त्याच मुलखात शंभर वर्षांनी ती परत गेली. पाण्याने एका पुरात फुकट आणलेला माल परत न्यायला माणसाला किती खर्च आणि किती वर्षे लागली, हे ध्यानात घ्या.

कोणी म्हणेल, आमच्याकडे खाणच नाही, मग आम्हांला काय भीती? त्यासाठी दुसरी हकीगत ऐका, ती कॅनडातली. क्वेबेक प्रांताच्या उत्तरेला जेम्स उपसागराच्या बाजूला ला ग्रांद नावाची नदी आहे. १९७० नंतरच्या दशकात तिच्यावर विजेसाठी प्रचंड धरणे बांधायला सुरुवात झाली. तिथे खाण नव्हती, कारखाना नव्हता. होती फक्त रानातली माती आणि तिच्यात हवेतून पिढ्यानपिढ्या उतरलेला, अगदी थोडा थोडा पारा. तो मातीत निमूट पडून होता. धरण भरले, हजारो चौरस किलोमीटर रान पाण्याखाली गेले आणि झाडपाला कुजू लागला. कुजण्याबरोबर जिवाणू माजले. त्यांतल्या काही जातींना पाऱ्याचे रूप बदलता येते. त्या साध्या पाऱ्यापासून मिथाइल पारा तयार करतात. हे काम तळाच्या गाळात चालते, तसेच दगड-झाडांवरच्या बुळबुळीत पटलातही चालते. मिथाइल पारा सजीवांच्या अंगात सहज शिरतो आणि लवकर बाहेर पडत नाही. पटल खाणाऱ्या किड्यात तो थोडा, किडे खाणाऱ्या लहान माशात जास्त आणि लहान मासे खाणाऱ्या मोठ्या माशात फार, असा तो पायरीपायरीने वाढत जातो.

त्या धरणांतल्या मोठ्या माशांत पाऱ्याचे प्रमाण थोड्याच वर्षांत कित्येक पटींनी वाढले. तिथे क्री नावाचे आदिवासी लोक राहतात. मासा हे त्यांचे पिढीजात अन्न. त्यांनाच सांगावे लागले की हा मासा जपून खा. पाऱ्याचा घाला मेंदूवर आणि मज्जातंतूंवर पडतो आणि पोटातल्या बाळाला तर तो फारच घातक. १९८६ साली क्री लोक, प्रांताचे सरकार आणि वीज मंडळ यांच्यात खास पाऱ्याच्या प्रश्नावर करार झाला. मोठ्या शिकारी माशांतला पारा पूर्वपदावर यायला वीस-तीस वर्षांचा काळ लागतो. ज्या लोकांचे जेवण नदीत होते, त्यांच्या दृष्टीने ही एक अख्खी पिढी झाली.

आता आपल्याकडे वळू. आपल्या गावतळ्यांची आणि पाझर तलावांची गोष्ट मिलटाउनसारखी नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. ज्या तळ्याच्या वरच्या अंगाला शेते आणि माळरान आहे, कारखाना किंवा शहर नाही, तिथला गाळ शेताला चांगलाच. महाराष्ट्रात २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू झाली आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी तलावातला गाळ नेऊन हलक्या जमिनी सुधारल्या. ते चांगले झाले. पण ज्या धरणाच्या वर कारखाने आहेत किंवा मोठ्या शहराची गटारे नदीला मिळतात, तिथला गाळ शेतात टाकण्यापूर्वी तपासून घ्यावा. विशेषतः कॅडमियम हा धातू मातीतून पालेभाजीत चटकन चढतो. शिवाय काळा गाळ शेतात पसरला की त्याला हवा लागते आणि दुसरे कुलूप उघडते, हे आता तुम्हांला ठाऊक झाले आहे.

सांडपाण्याचेही तसेच. भीमेवरच्या उजनी धरणाचे उदाहरण घ्या. १९८० साली पुऱ्या झालेल्या या धरणात पुणे आणि पिंपरी-चिंचवडकडचे सांडपाणी मुळा-मुठेतून आणि भीमेतून येते. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा तवंग चढतो तो काठच्या लोकांनी पाहिलेला आहे. तो तवंग मरतो, तळाशी जातो, कुजतो आणि तळाचा प्राणवायू खातो. म्हणून सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडा, या मागणीमागे वासाचा आणि रोगजंतूंचाच प्रश्न नसतो. तळाचे कुलूप शाबूत ठेवण्याचाही असतो.

जलपर्णीविषयी दोन शब्द. ही वनस्पती पाण्यातले धातू मुळांत ओढून घेते, हे खरे. पण ती तिथेच मरून कुजू दिली तर घेतलेले सगळे परत करते आणि वर प्राणवायूही संपवते. म्हणून ती वेळीच बाहेर काढावी. आणि दूषित पाण्यातली असेल तर तिचे खत करू नये, गुरांनाही घालू नये.

घरच्या पाण्याबद्दल एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'आम्ही पाणी उकळून पितो' असे पुष्कळजण सांगतात. उकळल्याने रोगजंतू मरतात, म्हणून उकळावेच. पण धातू उकळण्याने जात नाही. उलट पाणी आटले की उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण थोडे वाढतेच. तुरटी फिरवल्याने गढूळपणा बसतो, पण विरघळलेल्या धातूंच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नये. डोळ्यांवर आणि जिभेवर तर मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ पासून पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम धरली आहे. म्हणजे किती? दहा हजार लिटरचे शंभर टँकर पाणी घ्या आणि त्यात तोळाभर आर्सेनिक टाका. एवढेच! ते जिभेला कसे कळणार?

म्हणून उपाय एकच, पाणी तपासून घेणे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्याचे नमुने घेतो आणि ते प्रयोगशाळेकडे जातात. पण नेहमीच्या तपासणीत सगळे धातू पाहिले जातातच असे नाही. तुमच्या धरणाच्या वर कारखाना, खाण किंवा शहर असेल, तर ग्रामसभेत उठून नाव घेऊन विचारा: शिसे पाहिले का? कॅडमियम, पारा, आर्सेनिक पाहिले का? विचारायला संकोच करू नका. मिलटाउनचे आर्सेनिकही कोणीतरी तपासले म्हणूनच सापडले.

शेवटी शिक्षक मंडळींसाठी एक सोपा प्रयोग. काचेच्या दोन बरण्या घ्या. दोन्हींत चार बोटे तांबडी माती घालून वर पाणी भरा. एका बरणीत मूठभर चिरलेले गवत आणि गुळाचा लहानसा खडा टाका, दुसरीत काही टाकू नका. झाकणे सैलच ठेवा, कारण आत वायू होतो. बरण्या दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा. साध्या बरणीतली माती तांबडीच राहील. गवताच्या बरणीतली माती राखी, काळपट होत जाईल, कारण गंज विरघळू लागलेला असतो. मग त्या बरणीतले वरचे पाणी वर्गाबाहेर, मोकळ्या हवेत, पांढऱ्या बशीत हलकेच ओता आणि दुसऱ्या दिवशी पाहा. बशीत तांबूस डाग आणि साका दिसेल. विरघळलेले लोखंड हवा लागताच पुन्हा गंज झाले! मुलांना सांगा, या लोखंडाच्या पाठीवर आर्सेनिक बसलेले असते तर तेही असेच पाण्यात उतरले असते. प्रयोग झाल्यावर सर्वांनी हात साबणाने धुवावेत.

मंडळी, धरण बांधताना आपण भिंतीची उंची पाहतो, पाण्याचा साठा पाहतो, कालव्याची लांबी पाहतो. तळाकडे कोणी पाहत नाही, कारण तो दिसत नाही. पण वर जे जे आपण नदीत सोडतो त्याचा हिशेब तो तळ ठेवत असतो आणि कधी कधी तो हिशेब नातवंडांच्या हाती पडतो. तेव्हा उद्या घाटावर पाय घसरला तर शेवाळाला शिव्या जरूर द्या, पण नदीत वरून काय येते आहे याचीही चौकशी करा.